भूल, वेदना आणि मजुरी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत 'निवड' हा शब्द मोठ्या दिमाखाने वावरत असतो. ग्राहक स्वतःचे हित जाणतो, बाजारात मांडलेल्या वस्तूंची तुलना करतो, किंमत पाहतो आणि हवे ते घेतो, या गृहीतकावर त्या शास्त्राची निम्मी इमारत उभी आहे. या गृहीतकाची कसोटी पाहावयाची असेल तर गर्भाशय काढून घेण्यासाठी खाजगी रुग्णालयाची पायरी चढणाऱ्या ऊसतोडणी कामगार स्त्रीकडे पाहावे. भूल कोणती घ्यावयाची, शस्त्रक्रिया कोणत्या मार्गाने करावयाची, नंतरचे दुखणे कोणत्या औषधाने आवरावयाचे, विश्रांती किती दिवस घ्यावयाची, या प्रत्येक टप्प्यावर वैद्यकशास्त्राने आज एकाहून अधिक पर्याय उपलब्ध केले आहेत. ते बहुतेक स्वस्त आहेत आणि त्यांचे गुणदोष चांगले तपासलेले आहेत. असे असूनही तिच्यापर्यंत त्यांतला एकही पर्याय निवडीच्या रूपाने पोचत नाही. तो का पोचत नाही आणि पोचावा म्हणून काय करता येईल, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हा विषय डॉक्टरांचा आहे, राजकीय कार्यकर्त्याने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, असे काहींना वाटेल. परंतु वेदना किती सोसावयाची आणि ती कोणी सोसावयाची, हे समाज ठरवीत असतो. १८४७ साली एडिंबरो येथे डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म देण्यास आरंभ केला, तेव्हा प्रसववेदना शमविणे योग्य की अयोग्य, यावर ब्रिटनमध्ये वाद माजला. १८५३ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीने प्रसूतीसमयी क्लोरोफॉर्म घेतला आणि त्या वादाची धार बोथट झाली. राणीला जे मिळाले ते मजूर स्त्रीला मिळण्यास मात्र फार काळ लागला. आपल्याकडे 'बाईच्या जातीला सोसावंच लागतं' हे वाक्य अजून घरोघरी ऐकू येते. हे वाक्य उच्चारणारी बहुधा दुसरी स्त्रीच असते. कारण तिने स्वतः सोसलेले असते आणि सोसण्यावाचून दुसरे काही असू शकते हे तिला कोणी सांगितलेले नसते.

मराठवाड्याच्या संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बीड जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानाच्या राजधानीत १८८८ आणि १८८९ साली निजामाच्या खर्चाने क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची चौकशी करणारे दोन आयोग बसले होते. त्या काळी हैदराबादेत डॉ. रूपाबाई फर्दुनजी या भूल देण्याचे काम करीत. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. भुलेच्या शास्त्रात ज्या मुलखाचा असा वाटा आहे, त्याच मुलखातील स्त्रियांना आज भूल कोणती दिली गेली हेही ठाऊक नसावे, याला मागासलेपणाचे नैसर्गिक फळ म्हणून सोडून देता येणार नाही.

पहिला प्रश्न : शस्त्रक्रिया हवी की नको

वेदनाशमनाच्या निवडीचा विचार शस्त्रक्रियेच्या आवश्यकतेपासून सुरू करावा लागतो. टाळलेल्या शस्त्रक्रियेची वेदना शमवावी लागत नाही.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांचा प्रश्न वृत्तपत्रांतून पुढे आला. त्या वर्षी जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की, जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोडणी कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशभरचा आकडा याच्या शेजारी ठेवून पाहावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये हा प्रश्न प्रथमच विचारला, तेव्हा १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे तीन टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खाजगी रुग्णालयांत झाल्या होत्या.

या तफावतीमागे ऊसतोडणीची अर्थव्यवस्था आहे. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतलेली असते. एका दिवसाचा खाडा झाला की उचलीतून पैसे कापले जातात. फडात संडास नाही, पाणी नाही, कोपीत आडोसा नाही. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढावे लागते. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटातील दुखणे या तक्रारींचा उगम पुष्कळदा या परिस्थितीतच असतो. त्यांवर औषधोपचाराने इलाज होऊ शकतो. जंतुसंसर्गाला प्रतिजैविके आहेत, अतिरक्तस्रावाला गोळ्या आणि संप्रेरकयुक्त तांबीसारखे साधन आहे, गाठ असेल तर पुष्कळदा केवळ गाठ काढता येते. हे सांगण्याऐवजी 'पिशवीला सूज आहे, उद्या कॅन्सर होईल' अशी भीती घातली जाते. मुकादमाचा हिशेब, डॉक्टराचा हिशेब आणि घरचा हिशेब असे तीन हिशेब एकाच दिशेने जुळतात आणि पिशवी जाते.

कर्करोग, आटोक्यात न येणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणे अशा स्थितीत ही शस्त्रक्रिया जीव वाचविते किंवा जगणे सुसह्य करते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तिची बदनामी करून गरजू स्त्रीला घाबरविणे कोणाच्याच हिताचे नाही. दुसऱ्या डॉक्टरचे, शक्यतो सरकारी रुग्णालयातील डॉक्टरचे, मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये, एवढाच याचा अर्थ.

दुसरा प्रश्न : मार्ग कोणता

शस्त्रक्रिया आवश्यकच ठरली तर नंतरच्या वेदनेचे मोठे माप मार्गावरच ठरते. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत ओटीपोटावर मोठा छेद येतो. दुखणे अधिक आणि पूर्ववत होण्यास सहा ते आठ आठवडे. योनिमार्गे केलेल्या शस्त्रक्रियेत पोटावर टाका नसतो. दुखणे कमी आणि उठणे लवकर. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत बारीक छिद्रे असतात. तीही लवकर भरून येते, पण पोटात भरलेल्या वायूमुळे एकदोन दिवस खांदा दुखतो. हे आधी सांगितले नाही तर स्त्री घाबरते. जगभरच्या अभ्यासांचा निष्कर्ष असा की, जेथे शक्य आहे तेथे योनिमार्ग पोट उघडण्यापेक्षा चांगला. प्रत्येक रुग्णात तो शक्य नसतो. परंतु 'माझ्या बाबतीत तो शक्य आहे का, आणि नसेल तर का नाही?' हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येकीला आहे.

त्याच वेळी अंडाशयांविषयी विचारले पाहिजे. कारण नसताना तीही काढली तर रजोनिवृत्ती एकाएकी येते. हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. तिशीतील स्त्रीच्या बाबतीत ही पुढील अनेक वर्षांच्या दुखण्याची पेरणी ठरते आणि त्या दुखण्याला कोणत्याही योजनेत रक्कम नसते.

तिसरा प्रश्न : भूल कोणती

संपूर्ण भुलेत रुग्ण बेशुद्ध असते. मोठ्या किंवा लांबणाऱ्या शस्त्रक्रियेत आणि सामान्यतः दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ती दिली जाते. जाग आल्यावर मळमळ आणि घसा दुखणे संभवते. मुख्य म्हणजे भूल उतरताच दुखणे सुरू होते, म्हणून वेदनाशामक औषध ती उतरण्यापूर्वीच दिलेले असावे लागते. पाठीतल्या सुईने दिलेल्या भुलेत कमरेखालचा भाग बधिर होतो आणि रुग्ण शुद्धीवर असते. हवी तर झोपेचे हलके औषध मिळते. तिचा परिणाम काही तास टिकतो. त्याच सुईतून मॉर्फीनची अल्प मात्रा दिली तर बहुधा पुढील दिवसभर दुखणे सौम्य राहते. अंगाला खाज सुटणे आणि मळमळणे हे तिचे उपद्रव. श्वासावर लक्ष ठेवावे लागते, म्हणून रात्री जागी परिचारिका नसेल तेथे ती देणे योग्य नव्हे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत पाठीत बारीक नळी ठेवून औषध देत राहण्याचीही पद्धत आहे. तिलाही अशीच देखरेख लागते.

'पाठीत सुई टोचली की जन्माची कंबर धरते' ही समजूत गावोगाव आहे. टोचल्या जागी काही दिवस दुखते, क्वचित डोके दुखते आणि त्यावर उपाय आहेत. कायमच्या कंबरदुखीचे कारण ही सुई असल्याचे अभ्यासांतून दिसलेले नाही. मोळ्या वाहणाऱ्या कंबरेचा दोष सुईवर टाकण्यात मुकादमाची सोय आहे, हेही विसरू नये.

या दोन्ही भुलांच्या जोडीला एक साधा उपाय आहे. छेदाच्या कडेला किंवा पोटाच्या स्नायूंच्या थरात बधिर करणारे औषध टोचले की पहिले काही तास, काही वेळा जवळजवळ एक दिवस, दुखणे बरेच कमी राहते. खर्च थोडा, धोका थोडा. तो सर्वत्र का होत नसावा, याचे उत्तर पुढे येईल.

चौथा प्रश्न : पहिले तीन दिवस

आधुनिक वेदनाशमनाचे सूत्र सोपे आहे. एकाच जालीम औषधावर विसंबू नये. वेगवेगळ्या रीतीने काम करणारी दोनतीन साधी औषधे ठरलेल्या वेळी द्यावीत. दुखणे अनावर झाल्यावर सुई मागण्यापेक्षा पहिले दोनतीन दिवस घड्याळाप्रमाणे औषध घेतले तर एकूण औषध कमी लागते. पॅरासिटामोल हा पाया. ते निरुपद्रवी समजले जात असले तरी दिवसाची कमाल मात्रा ठरलेली आहे, आणि पन्नास किलोहून कमी वजनाच्या स्त्रीला ती घटवावी लागते. ऊसतोडणीच्या टोळ्यांत अशा स्त्रिया पुष्कळ असतात. त्याच्या जोडीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक. मात्र जठरात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरांना सांगावयास हवे. एवढ्याने भागले नाही तर ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फीन, थोडे दिवस आणि देखरेखीखाली. या औषधांनी गुंगी, मळमळ आणि बद्धकोष्ठ होते. ताज्या टाक्यांवर कुंथणे ही वेगळीच शिक्षा, म्हणून शौच साफ होण्याचे औषध आणि भरपूर पाणी हा उपचाराचाच भाग समजावा. मोठ्या शहरी रुग्णालयांत रुग्णाने कळ दाबताच ठरावीक मात्रा देणारे यंत्र असते. ते नसले म्हणून पुरेसे वेदनाशमन अशक्य होते असे नाही.

दुखणे किती आहे हे विचारण्याचीही रीत आहे. शून्य ते दहा या मोजपट्टीवर उत्तर मागितले जाते. जुन्या पिढीतील स्त्रीला 'रुपयात किती आणे दुखते?' असे विचारले तर उत्तर अधिक नेमके येईल. प्रश्न विचारला जाणे महत्त्वाचे, कारण न विचारता ती सांगत नाही आणि न सांगितलेल्या दुखण्याची केसपेपरवर नोंद होत नाही. शस्त्रक्रियेनंतरचे तीव्र दुखणे नीट आवरले गेले नाही, तर ते महिनोन्महिने रेंगाळण्याची शक्यता वाढते.

स्वस्त औषधे महाग का पडतात

पॅरासिटामोल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ट्रॅमाडॉल, मॉर्फीन, बधिर करणारे बुपिव्हॅकेन ही सारी २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहेत. मॉर्फीन ज्या अफूपासून बनते ती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील परवानाधारक शेतकरी कायदेशीर रीतीने पिकवितात. नीमच आणि गाझीपूर येथे तिचे सरकारी कारखाने आहेत. तरीही या देशातील असंख्य रुग्णालयांच्या कपाटात मॉर्फीन नसते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांची अशी भिंत उभी केली की, लहान रुग्णालये तिच्या वाटेस जाईनाशी झाली. २०१४ च्या दुरुस्तीने ती प्रक्रिया सुलभ केली; सवय मात्र बदललेली नाही.

म्हणजे अडचण औषधाच्या किंमतीची नाही. १९६३ साली अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी वैद्यकीय सेवेच्या बाजाराचे विवेचन करताना दाखविले की, येथे विकणाऱ्याला माहीत असते आणि घेणाऱ्याला माहीत नसते; म्हणून इतर वस्तूंचे नियम येथे लागू पडत नाहीत. त्यात भारतातील देयकाच्या पद्धतीची भर पडते. शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात, समजावून सांगण्याचे मिळत नाहीत. सरकारी विमा योजनेत शस्त्रक्रियेमागे ठोक रक्कम मिळते. त्यातून भूलतज्ज्ञाचा जादा अर्धा तास, रात्रपाळीची परिचारिका, आणखी एक दिवसाची खाट यांवर जो खर्च होईल तो रुग्णालयाच्या नफ्यातून वजा होतो. तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ या रुग्णालयातून त्या रुग्णालयात धावत असतो. रुग्णाची आणि त्याची पहिली भेट पुष्कळदा टेबलावरच होते. अशा स्थितीत निवडीला जागाच उरत नाही. वाईट हेतूच्या डॉक्टरांनी हे घडते असे मानण्याचे कारण नाही. चांगल्या हेतूचा डॉक्टरही या हिशेबात अडकतो, आणि म्हणूनच हिशेब बदलणे हे सार्वजनिक काम आहे.

पाचवा प्रश्न : विश्रांतीचे पैसे कोण देणार

सर्वांत परिणामकारक वेदनाशामक कोणत्याही दुकानात मिळत नाही. ते म्हणजे विश्रांती. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे जड उचलू नये. खोकताना पोटावर उशी धरावी, लवकर हिंडूफिरू लागावे, पण ओझे टाळावे. हा सल्ला घरी परतणाऱ्या स्त्रीला दिला जातो आणि दोन हंड्यांचे पाणी तिची वाट पाहत असते. हंगाम तोंडावर असेल तर मोळीही असते.

संघटित क्षेत्रासाठी केलेल्या कायद्यांतही या स्त्रीला जागा सापडत नाही. प्रसूती लाभ कायद्यात १९९५ साली संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद जोडली गेली. गर्भाशय काढण्याच्या कितीतरी मोठ्या शस्त्रक्रियेचा विचार त्यात झाला नाही. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने कक्षेबाहेर ठेवले आणि साखर कारखाने त्यांत मोडत. शिवाय ऊसतोडणी कामगार हा कारखान्याचा नोकर मानलाच जात नाही. तो मुकादमाचा देणेकरी. 'आयुष्मान भारत' योजनेत घरी गेल्यावर पंधरा दिवसांचा औषधखर्च धरलेला आहे. सहा आठवड्यांच्या बुडालेल्या मजुरीचा नाही. मग दुखणे मारण्यासाठी दुकानातून सुट्या गोळ्या घेऊन ती फडात उतरते. वेदना ही शरीराची तक्रार असते. ती गोळीने गप्प करून काम करून घेणे म्हणजे मजुराची तक्रार फाडून टाकण्यासारखेच आहे.

या गप्प करण्यात जिवाचाही धोका आहे. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, जास्त रक्त जाणे, लघवी अडणे, एका पायाची पोटरी सुजून दुखणे, किंवा कमी होण्याऐवजी रोज वाढत जाणारे दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर गोळी न वाढविता तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे.

कायद्याचा आधार आणि कार्यकर्त्यांचे काम

१६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गर्भाशय काढण्याच्याच एका प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेली स्त्री बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशये काढण्यात आली होती. न्यायालयाने सांगितले की, रुग्ण सज्ञान असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल तर संमती तिचीच हवी. आणि ती देण्यापूर्वी उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके तिला सांगितलेले असावेत. पुढे बिहार, छत्तीसगढ आणि राजस्थानातील अनावश्यक शस्त्रक्रियांविषयीच्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल देताना न्यायालयाने, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असा आदेश दिला. त्यांत जिल्हा पातळीवर देखरेख समित्यांची योजना आहे.

समित्या कागदावर राहू द्यावयाच्या की कामाला लावावयाच्या, हे कार्यकर्त्यांवर अवलंबून आहे. प्रत्येक जिल्ह्यात ही समिती कोणती, तिची बैठक कधी झाली, चाळिशीच्या आतील किती शस्त्रक्रियांची तिने छाननी केली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. शस्त्रक्रियेला जाणाऱ्या स्त्रीबरोबर एक जाणती सोबतीण जावी आणि तिने पाच प्रश्न विचारावेत : शस्त्रक्रियेवाचून इलाज आहे का? मार्ग कोणता आणि का? अंडाशये ठेवणार ना? भूल कोणती आणि तज्ज्ञ आधी भेटणार का? नंतरचे वेदनाशामक कोणते, किती वेळा आणि किती दिवस? उत्तरे मराठीत, कागदावर मागावीत. संमतिपत्रही मराठीत वाचून दाखविल्यावरच अंगठा किंवा सही व्हावी.

मागण्यांच्या यादीत आणखी तीन गोष्टी आल्या पाहिजेत. विमा योजनेच्या ठोक रकमेत भूलतज्ज्ञाची पूर्वभेट आणि वेदनाशमन यांची वेगळी तरतूद आणि तपासणी. ग्रामीण रुग्णालयांत भूलतज्ज्ञाच्या भरलेल्या जागा आणि मॉर्फीनचा परवाना. आणि शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांची भरपाई, जी उचलीतून वळती होणार नाही. तिसरी मागणी सर्वांत अवघड आहे, कारण तिचा भार साखरेच्या धंद्यावर पडतो. पण ती मान्य झाल्यावाचून पहिल्या दोहोंचा उपयोग रुग्णालयाच्या दारापर्यंतच राहील. ऊसतोडणीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. त्याआधीच्या दोन महिन्यांत गावोगावच्या बैठकींतून हे पाच प्रश्न आणि या तीन मागण्या पोचविण्याचे काम हाती घेता येण्याजोगे आहे.